पाठमोरा शरणप्पा

अणदूरच्या चिंचेखालच्या हॉटेलात जेवून गेलेल्या माणसाला शरणप्पाचा चेहरा आठवेल की नाही सांगता येत नाही, पण त्याची पाठ नक्की आठवते. चिंच आता नाही. हायवे रुंद झाला तेव्हा ती गेली, नाव तेवढं मागं राहिलं. शरणप्पाही तसाच मागं राहिलेला. एकोणिसाव्या वर्षी तो इथं वाढपी म्हणून लागला, आणि आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही दुपारच्या गर्दीत सहा टेबलं एकटा सांभाळतो. कुणाच्या पिठल्याला तेल जास्त हवं, कुणाला भाकरी कडक लागते, कुणाला भातावर आमटी घातलेली चालत नाही, हे त्याला लिहून ठेवावं लागत नाही.

त्याची एक रीत होती. जेवून, हात धुऊन माणूस परत बसलं की तो स्टीलच्या छोट्या ताटलीत बिल आणायचा. पैसे काउंटरला देऊन उरलेली चिल्लर त्याच ताटलीत बडीशेपेशेजारी ठेवायचा, ताटली टेबलावर टेकवून "सावकाश होऊ द्या" म्हणायचा आणि पाठ फिरवायचा. तिथून निघून मात्र जायचा नाही. निघून गेलं तर गिऱ्हाइकाला वाटतं, याला काही नको. समोर तोंड करून उभं राहिलं तर वाटतं, हा मागतोय. म्हणून दोन पावलांवर, काउंटरकडं तोंड करून, शेजारच्या टेबलावरचे ग्लास सरळ करत तो उभा राहायचा. तेवढ्या वेळात पाठीमागं जे व्हायचं ते होऊन जायचं.

काय झालं ते ताटली उचलताना कळायचं. आडतीतले लोक नाणं बडीशेपेत खोवून जायचे. मास्तर मंडळी चिल्लर वेचताना एक नाणं मुद्दाम विसरायची. एखादा नवा नवरदेव बायकोदेखत पन्नासाची नोट ठेवायचा, आणि बायको पिशवी राहिली म्हणून मागं येऊन ती उचलायची आणि दहाची ठेवायची. काही जण सगळंच नेत, बडीशेपेसकट. त्यांचाही शरणप्पाला राग नव्हता. त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं, की ज्यानं ताट निपटून खाल्लं त्यानं आपल्याला दिलंच.

ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. तो नवा लागला होता तेव्हा बाकीच्या पोरांसारखाच ताटलीवर डोळा ठेवून उभा राहायचा. एकदा एक माणूस दोन लेकरं घेऊन जेवायला आला. एक राईस प्लेट सांगून तिघांनी खाल्ली. चिल्लर आली. शरणप्पा समोरच होता. त्या माणसानं चिल्लर उचलली, शरणप्पाकडं बघितलं, परत ठेवली, परत उचलली, आणि शेवटी त्यातला दोन रुपयांचा ठोकळा ताटलीत सारून मान खाली घालून निघून गेला. शरणप्पाला फार आनंद झाला. घंटाभरानं तो मालकाच्या कामासाठी सायकलवर निघाला, तर नळदुर्गच्या रस्त्याला तोच माणूस एका लेकराला खांद्यावर घेऊन आणि दुसऱ्याला हाताला धरून उन्हात चालत होता. एसटी शेजारून निघून गेली तरी त्यानं हात केला नाही. शरणप्पा सायकलवरून उतरला, पण पुढं जाऊन काय बोलायचं ते त्याला सुचेना. तो तसाच मागं फिरला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ताटली ठेवून पाठ फिरवायला सुरुवात केली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा.

चाळीस वर्षांत त्याच्या पाठीमागं काय काय ठेवलं गेलं, त्यात एक गोष्ट तो न बघता ओळखायचा. माकणीचे हिंमतराव आणि त्यांची कारभारीण कमलबाई महिन्यातल्या पहिल्या रविवारी खंडोबाला यायचे. दर्शन झालं की दोन भाकरी-थाळ्या आणि वर एकेक गुलाबजाम. हिंमतरावांची नोट दहाची असायची. आधी उभी आणि मग आडवी दुमडून तिची चौकोनी घडी ग्लासाखाली ठेवलेली असायची. कमलबाई तेवढ्यात बडीशेप रुमालात बांधून घ्यायच्या, नातवंडांसाठी. नातवंडं मोठी होऊन पुण्याला गेली तरी बडीशेपेचा नेम काही सुटला नाही. या माणसांशी शरणप्पाचं बोलणं असं कितीसं व्हायचं? पाऊसपाणी, तेरणेच्या धरणात पाणी किती, गुडघे कसे आहेत. पण पहिल्या रविवारी त्यांचं टेबल तो दुसऱ्याला देत नसे.

मग मोबाईल आले. म्हणजे मोबाईल आधीपासून होतेच, पण लोक त्याच्यावर पैसे द्यायला लागले. जेवायचं, उठायचं, काउंटरवरच्या स्कॅनरला मोबाईल दाखवायचा आणि चालू पडायचं. चिल्लरच उरली नाही, तर ताटलीत काय येणार? नुसती बडीशेप. शरणप्पा सवयीनं पाठ फिरवून उभा राहायचा आणि वळून बघायचा तर टेबल रिकामं असायचं. लोक वाईट नव्हते. वाढप्याला काही द्यायचं असतं, हेच त्यांच्या हातातून सुटून गेलं होतं.

हॉटेलाचे थोरले मालक वारल्यावर त्यांचा मुलगा रुद्रेश गल्ल्यावर बसत होता. पुण्याला हॉटेलचा कोर्स करून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा, डोक्यानं तल्लख. वाढप्यांचं वरचं उत्पन्न आटलंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी दुसरा असता तर तिकडं बघितलंही नसतं. त्यानं सगळ्यांसाठी गळ्यात घालायच्या आयकार्डासारखी कार्डं करून आणली. प्लास्टिकच्या खोळीत मोबाईलनं स्कॅन करायचा एक चौकोन, त्यावर लिहिलेलं, 'सेवा आवडली? मला टीप द्या.' कार्ड अंगावर लावायचं म्हटल्यावर सगळ्यांनी ते छातीवर लावलं. पैसे हॉटेलच्या खात्यात यायचे, शनिवारी सगळ्यांना सारखे वाटायचे. आणि काउंटरवर पैसे आले की बोलणारा जो डबा होता, तो टीपसुद्धा बोलणार होता.

नळदुर्गहून येणारा कलीम, वाढप्यांत सगळ्यात तरणा, त्याला हे लई मानवलं. तो टेबलासमोर असा उभा राहायचा की समोरच्याचा मोबाईल आपोआप बाहेर निघावा. शरणप्पाला मात्र ते जमेना. ताटली ठेवून पाठ फिरवली की कार्ड भिंतीकडं व्हायचं. समोर उभं राहिलं की माणसं त्याच्या छातीकडं बघायची, मग ताटाकडं बघायची आणि मग उगाच मिठाची डबी हलवायची. कुणी मोबाईल काढलाच तर त्याला फोटो काढल्यासारखं ताठ उभं राहावं लागायचं. कलीम तिकडून म्हणायचा, "चाचा, श्वास रोखून धरा जरा, चौकोन हलतोय." सगळे हसायचे. शरणप्पाही हसायचा. एका म्हातारीनं तर त्याला विचारलं, सरकारनं बिल्ला दिलाय का. तो म्हणाला, व्हय, जुन्या वाढप्यांना देतेत.

एवढ्यावर भागलं असतं तर त्यानं ते कार्ड निमूट वागवलं असतं. पण पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. हिंमतराव आणि कमलबाई आले, आणि त्यांच्यासोबत पुण्याहून आलेली नात, अर्पिता. जेवण झालं. आजोबांचा हात सवयीनं बंडीच्या खिशात गेला, तेवढ्यात नात म्हणाली, राहू द्या आबा, मी देते. तिनं बिल दिलं, मग शरणप्पाच्या छातीवरचं कार्ड बघितलं आणि विचारलं, आबा, किती टाकू? हिंमतराव म्हणाले, दहा टाक.

शेजारच्या टेबलावर हैदराबादकडं निघालेली पाच-सहा गाडीवाली मंडळी होती. त्यांनी नुकतेच कलीमच्या कार्डावर पैसे टाकले होते आणि डबा मोठ्या आवाजात बोलला होता, "दोनशे रुपये प्राप्त झाले." तो आवाज अजून सगळ्यांच्या कानात ताजा होता. शरणप्पा छाती पुढं करून उभा होता. अर्पितानं बोट दाबलं आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "दहा रुपये प्राप्त झाले."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फस्सकन हसलं. कुणीतरी म्हणालं, आबांनी आज खजिना उघडला. अर्पिता लाल झाली. तिला बिचारीला परत मोबाईल काढून आणखी टाकावेसे वाटत होते, पण आजोबांनी तिचा हात धरला. ते उठले. टोपी सारखी केली. शरणप्पाकडं बघून शांतपणे म्हणाले,

"वीस वर्षं मी काय ठेवतो ते तुमच्या-माझ्यात होतं, शरणप्पा. आज तुमच्या डब्यानं माझी किंमत गावाला सांगितली."

कमलबाई बडीशेप न बांधताच नवऱ्याच्या मागं गेल्या.

पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी शरणप्पानं त्यांचं खिडकीकडचं टेबल पुसून ठेवलं. दोन वाजले. कलीम दोनदा विचारून गेला, चाचा, या फॅमिलीला बसवू का? शरणप्पानं नाही म्हटलं. मग पाण्याचा जग घेऊन खिडकीशी गेला तेव्हा त्याला दिसलं. रस्त्यापलीकडं, भज्याच्या गाड्यासमोरच्या बाकड्यावर हिंमतराव आणि कमलबाई बसले होते. कागदावर भजी, हातात पाव. हिंमतरावांना भजी सोसत नाहीत हे शरणप्पाला ठाऊक होतं. पाव गिळेना म्हणून कमलबाई त्यांना तांब्यातून पाणी देत होत्या. हॉटेलकडं दोघांचीही पाठ होती.

त्या दिवशी चार वाजता, गर्दी निवल्यावर, शरणप्पानं कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं. रुद्रेशला वाटलं खोळ फाटली. मग प्रकार कळल्यावर त्यानं समजावून सांगितलं. सगळ्यांसाठी एक नियम आहे. एकानं काढलं तर उद्या सगळे काढतील. ज्याला कार्ड नको त्याला पार्सलच्या खिडकीत बसता येईल, तिथं बसून काम आहे, पायही दुखणार नाहीत. तो हे टाकून बोलत नव्हता. पण हॉलमधून उठून खिडकीत बसायचं म्हणजे पुन्हा कुणाच्या ताटात वाढायचं नाही, हे शरणप्पाला लागलीच कळलं.

"डबा तरी गप करा," तो म्हणाला.

"काका, डब्यामुळंच तर देतेत. एकाचं ऐकून दुसऱ्याला लाज वाटते. लाजंनं का होईना, तुमच्याच घरात येतंय ना?"

शरणप्पा उभाच होता. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन लेकरांची गोष्ट सांगितली. राईस प्लेट, दोन रुपयांचा ठोकळा, सायकल, नळदुर्गचा रस्ता. सांगताना त्याला नीट सांगता आलं नाही, मागचं पुढं झालं. एसटीचं तर तो विसरूनच गेला आणि शेवटी जोडलं. रुद्रेश मोबाईल उलटा ठेवून ऐकत होता.

"लाजंनं दिलेलं म्या एकदा घेतलंय, मालक," शरणप्पा म्हणाला. "त्याला एसटीचं भाडं लागतं, हे मागून कळतंय."

रुद्रेशनं मोबाईल सुलटा केला. मग म्हणाला, डब्याचं बघतो, टीपचा चौकोन दुसऱ्या खात्याला जोडता येईल, त्या खात्याला डबा नाही. पण कार्ड लावावंच लागेल. त्याशिवाय ज्यांना द्यायचंय त्यांनी द्यायचं कसं?

शरणप्पानं कार्ड परत हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "लावतो. पण कुठं लावायचं ते नियमात हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको गिरिजाबाई सदऱ्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, चार टाचण्या लावून कार्ड बसवत होती. हे काम एकट्यानं होण्यासारखं नव्हतं. टाचण्या तोंडात धरून ती म्हणाली, "बरं केलं. तुमचं तोंड बघून आजवर कुणी काय दिलंय?"

हॉटेलात पोचल्याबरोबर कलीम म्हणाला, चाचा, नंबरप्लेट मागं लावली, आता पुढची पण करून घ्या. रुद्रेशच्या कपाळाला आठी पडली. पण कार्ड लावावंच लागेल, एवढंच तो बोलला होता. तो म्हणाला, महिनाभर बघू. गिऱ्हाईक हसायला लागलं तर मात्र पार्सलची खिडकी.

गिऱ्हाईक हसलं, नाही असं नाही. लहान पोरं त्याच्या मागं मागं जाऊन मोठ्यानं वाचायची, 'मला टीप द्या'. एका शाळामास्तरांनी विचारलं, पाठीवर थाप द्यायची का? पण जेवणं झाली, ताटली टेकली, "सावकाश होऊ द्या" म्हणून शरणप्पा काउंटरकडं तोंड करून ग्लास सरळ करू लागला, की मागं शांत व्हायचं. कुणी मोबाईल उचलायचं, कुणी नुसतीच बडीशेप चघळत उठायचं. डबा बोलत नव्हता. कोण काय करतंय ते शरणप्पाला दिसत नव्हतं, आणि त्याला दिसत नाही हे बसलेल्यांना दिसत होतं. त्याच्या टेबलांवर माणसं जरा जास्त वेळ बसायला लागली आहेत, असं कलीमच एक दिवस म्हणाला. शनिवारच्या वाटपात फार फरक पडला नाही. थोडं कमीच आलं. रुद्रेशनं ते बोलून दाखवलं नाही, पण आकडा सगळ्यांनीच बघितला होता.

रुद्रेशनं दिलेला महिना संपत आला आणि पुन्हा पहिला रविवार उजाडला. शरणप्पानं खिडकीकडचं टेबल पुसलं. दीडच्या सुमारास पलीकडच्या बाकड्यावर ती दोघं येऊन बसली. भज्यावाल्यानं कढईत झारा घातला. शरणप्पानं खांद्यावरचं फडकं कलीमच्या हातात दिलं, सहाही टेबलं तशीच सोडली आणि रस्ता ओलांडला. भर गर्दीत त्यानं हॉल सोडल्याचं रुद्रेशनं पहिल्यांदाच बघितलं.

बाकड्याशी जाऊन काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. सायकलवरून उतरला त्या दिवशीही ठरवलं नव्हतं. पण यावेळी तो मागं फिरला नाही.

"आबा," तो म्हणाला, "पिठलं आज बेस झालंय."

हिंमतरावांनी वर बघितलं.

"डबा हाय का अजून?"

"हाय. पण टीपचं आता बोलत न्हाय."

हिंमतराव भज्याच्या कढईकडं बघत राहिले. मग कमलबाईच उठल्या, पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. तुमच्या रुसण्यापायी मला दोन महिने बडीशेप मिळंना."

शरणप्पा पुढं चालू लागला. मागून येताना हिंमतरावांना त्याच्या पाठीवरचं कार्ड दिसलं. त्यांनी काय आहे ते कमलबाईंना विचारलं, आणि कारभारणीला वाचता येत नाही हे आठवून स्वतःच थांबून वाचलं.

दोन भाकरी-थाळ्या. पिठल्यावर कच्चं तेल थोडं जास्त. शेवटी एकेक गुलाबजाम. धरणात पाणी किती, ते निघालं. गुडघ्यांचं निघालं. बिलाचे पैसे हिंमतरावांनी रोख दिले. शरणप्पा चिल्लर घेऊन आला, ताटली टेकवली.

"सावकाश होऊ द्या," म्हणाला, आणि पाठ फिरवून ग्लास सरळ करू लागला.

समोर गल्ल्यावर रुद्रेश बसला होता. त्याची नजर शरणप्पावर नव्हती, शरणप्पाच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी लागली होती. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रुद्रेशच्या भुवया वर गेल्या, तोंड हसल्यासारखं झालं. मग एकाएकी त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली आणि हॉलकडं पाठ करून मागच्या फळीवरच्या पाण्याच्या बाटल्या नीट लावायला घेतल्या. त्या सकाळीच नीट लावलेल्या होत्या.

शरणप्पाला पाठीवर हलका स्पर्श झाला. सदऱ्यावरचा धागा कुणी झटकावा एवढाच. प्लास्टिकची खोळ जराशी चुरचुरली. हातातला ग्लास तसाच धरून तो उभा राहिला. मागं कमलबाई रुमालाची गाठ मारत होत्या.

ती दोघं दारातून बाहेर पडून, रस्ता ओलांडून स्टँडकडं जाईपर्यंत तो वळला नाही. घरी गेल्यावर गिरिजाबाईनं टाचण्या काढल्या तेव्हा खोळीतून दहाची एक नोट निघाली. आधी उभी आणि मग आडवी दुमडलेली.